टीबीचा जंतू शोधणाऱ्या माणसाचं टीबीवरचं औषध फसलं, पण त्याच बाटलीतून टीबीची टेस्ट निघाली

हाताच्या पुढच्या बाजूला बारीक सुईने टोचायचं, दोन-तीन दिवसांनी परत दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांनी पट्टी लावून गाठ किती मिलिमीटर उठली ते मोजायचं. ही मॉन्टू टेस्ट. घरात कुणाला टीबी निघाला की आधी लहान पोरांची ही टेस्ट होते, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती पाहिलेली असते.

त्या सुईतून आत काय जातं? टीबीच्या जंतूंची प्रथिनं. जिवंत जंतू नाही, मेलेला जंतूही नाही, फक्त त्याची प्रथिनं. आणि ही प्रथिनं पहिल्यांदा बाटलीत भरली गेली ती टेस्टसाठी नव्हेच. ती भरली होती औषध म्हणून. ज्या माणसाने भरली त्याला अख्खी युरोप डोक्यावर घेऊन नाचली आणि जेमतेम तीन महिन्यांत त्याच माणसावर तोंड लपवून इजिप्तला जायची वेळ आली.

त्या माणसाचं नाव रॉबर्ट कॉख.

जन्म ११ डिसेंबर १८४३ चा. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात क्लाउस्टाल नावाचं खाणींचं गाव आहे, तिथला. वडील खाण खात्यात अधिकारी होते. घरात भावंडांची भलीमोठी फौज. रॉबर्ट पाच वर्षांचा असताना वर्तमानपत्र बघून आपलं आपण वाचायला शिकला होता, असं सांगतात. पुढे ग्यॉटिंगेनला डॉक्टरकी केली. तिथे याकोब हेन्ले हे त्यांचे शिक्षक होते. साथीचे रोग हे जिवंत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमुळे होतात असं हेन्ले कितीतरी आधीपासून मांडत होते, पण पुरावा कुणाकडेच नव्हता.

१८६६ ला पदवी मिळाली, १८६७ ला एमी फ्राट्स यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी गेरट्रूड ही मुलगी झाली. फ्रान्सबरोबरच्या युद्धात लष्करी दवाखान्यात काम केलं आणि १८७२ मध्ये व्होलस्टाइन नावाच्या आडगावी सरकारी डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. गावात विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही, सोबत चर्चा करायला कुणी शास्त्रज्ञ नाही. दिवसभर पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात घरातल्याच एका कोपऱ्यात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं.

त्या भागात गुरं अँथ्रॅक्सने मरत होती. कॉखनी मेलेल्या जनावराचं रक्त लाकडाच्या काडीने उंदरांना टोचलं. उंदीर मेले. मग बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात तो जंतू वाढवला, तो पुढच्या थेंबात, त्यातून पुढच्या थेंबात, असं करत मूळ रक्ताचा अंशही उरणार नाही इतक्या पिढ्या पुढे नेला. तरी उंदीर मेलेच. म्हणजे दोष रक्ताचा नाही, जंतूचाच. १८७६ मध्ये हे सगळं सामान घेऊन ते ब्रेस्लाऊला फर्डिनांड कोन या प्राध्यापकांकडे गेले आणि प्रयोग करून दाखवले. एका खेडेगावच्या डॉक्टरचं नाव जर्मनीभर झालं.

१८८० मध्ये बर्लिनच्या शाही आरोग्य खात्यात बोलावणं आलं आणि कॉखनी त्या काळातला सगळ्यात मोठा रोग हातात घेतला.

क्षयरोग.

तेव्हा माणसांतल्या दर सात मृत्यूंमागे एक क्षयाचा होता. हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो असं बहुतेकांना वाटायचं. फ्रान्सच्या व्हिलमॅं नावाच्या लष्करी डॉक्टरने १८६५ मध्येच सशांना टोचून हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे दाखवलं होतं, पण जंतू दाखवल्याशिवाय मानणार कोण?

आणि हा जंतू दिसायला तयार नव्हता. त्याच्या अंगाभोवती मेणासारखं जाड आवरण असतं, त्यामुळे नेहमीचा रंग त्याला लागतच नाही. कॉखनी मिथिलीन ब्लू हा निळा रंग अल्कली मिसळून बराच वेळ ठेवला, त्यावर तपकिरी रंग दिला, तेव्हा तपकिरी पेशींमध्ये निळ्या बारीक काड्या दिसल्या. मग त्या वाढवायच्या होत्या. बाकीचे जंतू एका दिवसात वाढतात. हा दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच दाखवत नाही. दुसरा कुणी असता तर नळ्या फेकून मोकळा झाला असता. कॉखनी गोठवलेल्या रक्तद्रवाच्या नळ्या ३७ अंशांवर ठेवल्या आणि वाट बघितली. वाढलेले जंतू गिनिपिगना टोचले. गिनिपिगना क्षय झाला.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनच्या फिजिओलॉजिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. टेबलावर दोनशेहून जास्त नमुने मांडून ठेवले होते. कॉख तसे वक्ते म्हणून फार बरे नव्हते, अडखळत, हळूहळू बोलायचे. भाषण संपलं तेव्हा ना टाळ्या, ना प्रश्न. लोक उठले आणि गपचूप मायक्रोस्कोपपाशी जाऊन बघू लागले. त्या गर्दीत पाउल एर्लिश नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याने त्यानंतर लगेच जंतू रंगवायची आणखी चांगली पद्धत काढली. २४ मार्चला आज जागतिक क्षयरोग दिन असतो तो यामुळेच.

पण जंतू सापडला म्हणून रोगी बरा होत नाही. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघं २१. जंतू सापडून तेव्हा जवळपास पाच वर्षं झाली होती आणि जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे त्यावर देण्यासारखं काही नव्हतं.

मधल्या काळात कॉख कॉलऱ्याच्या मागे इजिप्तला आणि तिथून कलकत्त्याला येऊन गेले. १८८४ च्या सुरुवातीला कलकत्त्यात त्यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला, गावच्या तलावाच्या पाण्यातही तो दाखवला. जर्मनीत परतल्यावर सत्कारांचा पाऊस पडला, प्राध्यापकी मिळाली. तिकडे पॅरिसमध्ये मात्र लुई पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजची लस टोचून माणसं वाचवायला सुरुवात केली होती. रोग ओळखणं वेगळं आणि रोगी वाचवणं वेगळं. फ्रान्सकडे वाचवणारा होता, जर्मनीला पण एक हवा होता.

४ ऑगस्ट १८९० ला बर्लिनमध्ये जगभरातल्या डॉक्टरांची परिषद भरली. तिथे कॉखनी सांगितलं की, टीबीच्या जंतूची वाढ थांबवणारा पदार्थ सापडला आहे, नळीतही आणि गिनिपिगच्या शरीरातही. एरवी पुरावा पूर्ण झाल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या या माणसाने अर्धवट काम जाहीर का केलं, याची चर्चा आजही होते. सरकारचा दबाव होता हे एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण पैशाचं. या औषधातून मोठं उत्पन्न मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती आणि त्याबद्दल सरकारशी बोलणीही चालली होती. तिसरं कारण घरातलं. एमीबरोबरचं लग्न मोडकळीला आलं होतं आणि ४६ वर्षांचे कॉख हेडविग फ्रायबर्ग या १७ वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडले होते.

१३ नोव्हेंबर १८९० ला लेख छापून आला. औषध माणसांवर चालतं, सुरुवातीच्या अवस्थेतला क्षय नक्की बरा होतो, असा त्यात दावा होता. औषध कशाचं आहे हे मात्र सांगितलं नव्हतं. तपकिरी पातळ द्रव, एवढीच माहिती.

हे औषध कॉखनी आधी स्वतःला टोचून घेतलं होतं. तीन-चार तासांनी अंग दुखायला लागलं, खोकला आला, श्वास घ्यायला त्रास झाला. पाचव्या तासाला थंडी वाजून अंग थडथड उडायला लागलं, उलट्या झाल्या, ताप ३९.६ अंशांवर गेला. हेडविगनेही टोचून घेतलं. तू बरीच आजारी पडशील पण मरणार नाहीस, अशी कल्पना तिला आधीच दिलेली होती म्हणे. आजच्या काळात अशा चाचणीला परवानगी मागायला गेलं तर काय होईल, हे सांगायला नको.

बर्लिनकडे जाणाऱ्या गाड्या भरल्या. युरोपभरातून खोकणारी, रक्त पडणारी, शेवटच्या आशेवर असलेली माणसं शहरात उतरली. दवाखाने पुरेनात. बाटलीला वाटेल तो भाव आला. कैसरने मोठा सन्मान दिला, बर्लिन शहराने नागरिकत्वाचा मान दिला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर बर्लिनला येऊन गेले.

आणखी एक जण आला होता. इंग्लंडमध्ये दवाखाना चालवणारा, फावल्या वेळात शेरलॉक होम्सच्या कादंबऱ्या लिहिणारा डॉक्टर, आर्थर कॉनन डॉयल. त्याला भाषणाच्या हॉलमध्ये प्रवेशच मिळाला नाही. मग त्याने एका अमेरिकन डॉक्टरकडून भाषणाची टिपणं मिळवली, वॉर्डात जाऊन रुग्ण पाहिले आणि लिहून टाकलं की, हे औषध जंतूला मारत नाही, याचे पुरावे अपुरे आहेत, लोकांनी सबुरीने घ्यावं. जगभरचे डॉक्टर हुरळून गेलेले असताना हे लिहायला हिंमत लागते. गंमत म्हणजे त्याच लेखात त्याने असंही सुचवलं की रोग ओळखायला मात्र याचा उपयोग होऊ शकेल.

जानेवारी १८९१. बर्लिनचे सगळ्यात दरारा असलेले डॉक्टर रुडोल्फ व्हिर्शो यांनी औषध घेऊन मेलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं केली. औषधाने जंतू मरत तर नव्हतेच, उलट शरीरात नव्या जागी पसरल्यासारखे दिसत होते. चहूकडून ओरड सुरू झाली तेव्हा १५ जानेवारीला कॉखनी गुपित फोडलं. टीबीचे जंतू ग्लिसरीनच्या द्रवात वाढवायचे, उष्णतेने मारायचे, द्रव आटवायचा आणि गाळायचा. उरतो तो जंतूंचा अर्क. त्याचं नाव पडलं ट्युबरक्युलिन. बरे झालेले गिनिपिग दाखवा म्हटल्यावर ते काही नीट दाखवता आले नाहीत. प्रशियाच्या सरकारने १,७०० पेक्षा जास्त रुग्णांचा हिशोब काढला तेव्हा पूर्ण बरे झालेले शंभरात एक-दोनच निघाले. त्याहून जास्त मेले होते.

कॉख सुट्टी काढून इजिप्तला निघून गेले.

आता या गोष्टीतला खरा खेळ बघा. ज्या हिवाळ्यात हे औषध फसत होतं, त्याच हिवाळ्यात कॉख यांच्याच प्रयोगशाळेत एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो हे दोघं धनुर्वात आणि घटसर्पावर काम करत होते. डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी दाखवलं की, या रोगाला टक्कर दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात असं काहीतरी तयार होतं, जे जंतूचं विष निकामी करतं. तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. हे काहीतरी म्हणजेच अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंड. १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल बेरिंगना मिळालं. गुरूला चार वर्षं थांबावं लागलं.

मग साहजिकच प्रश्न आला. घटसर्पात रक्तात प्रतिपिंडं सापडतात तर टीबीतही सापडतील. रक्ताचा एक थेंब काढला की टीबी आहे की नाही ते कळेल. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये आर्लुआं यांनी तशी टेस्ट केली. रुग्णाचा रक्तद्रव जंतूंच्या द्रवात मिसळायचा, प्रतिपिंडं असतील तर ती जंतूंना एकमेकांना चिकटवतात आणि गुठळ्या होतात. पण टीबीचा जंतू मेणचट, तो प्रतिपिंडाविनाही आपसात चिकटून बसतो. म्हणून कॉखनी जंतू वाळवून, खलून, मिठाच्या पाण्यात कालवून ही टेस्ट करून पाहिली आणि १९०१ मध्ये त्यावर लिहिलं. रोग ओळखण्यासाठी या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. दहा वर्षांपूर्वी हातघाई करणारा हाच माणूस, या वेळी मात्र सावध राहिला.

ट्युबरक्युलिनचं मात्र वेगळंच झालं. ज्या माणसाला किंवा जनावराला टीबी आहे त्याला ते टोचलं की जोराचा ताप येतो, नसेल त्याला फारसं काही होत नाही. १८९१ पासूनच गुरांचे डॉक्टर याचा उपयोग गोठ्यातलं रोगी जनावर शोधायला करू लागले. १९०७ मध्ये व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी मुलांच्या कातडीवर नुसता ओरखडा काढून त्यावर थेंब टाकला. ताप आणायची गरजच उरली नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मॉन्टू यांनी कातडीच्या आत मोजून टोचायची पद्धत आणली, ती आजतागायत चालू आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट या बाईंनी, लहानपणी पोलिओने पाय अधू झालेला असताना, वर्षानुवर्षं खपून कॉखच्या त्या गढूळ अर्कातून शुद्ध प्रथिनं वेगळी केली. पीपीडी म्हणतात ती हीच.

पण सुई टोचल्यावर गाठ येते ती प्रतिपिंडांमुळे नाही. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेरिल चेस यांनी ट्युबरक्युलिनला प्रतिसाद देणाऱ्या गिनिपिगचा रक्तद्रव दुसऱ्या गिनिपिगला दिला, काही झालं नाही. पांढऱ्या पेशी दिल्या, तेव्हा मात्र दुसराही प्रतिसाद द्यायला लागला. म्हणजे काम पेशींचं आहे. टीबीचा जंतू आपल्याच पेशींच्या आत घर करून राहतो. प्रतिपिंडं रक्तात फिरत असतात, बंद दाराबाहेरच्या पोलिसासारखी. आत कोण बसलंय ते त्यांना दिसत नाही. गाठ यायला दोन-तीन दिवस लागतात तेही यामुळेच, पेशींना त्या जागी जमायला वेळ लागतो.

कॉख यांना हे कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांचं पुढचं आयुष्य तसं धावपळीतच गेलं. १८९३ मध्ये एमीशी घटस्फोट आणि हेडविगशी लग्न, त्यावरून बर्लिनमध्ये चर्चेला ऊत. १८९७ मध्ये प्लेगने मुंबई ओस पडत असताना जर्मनीने पाठवलेल्या पथकाचे प्रमुख म्हणून ते दक्षिण आफ्रिकेतून थेट मुंबईत आले. त्याच वर्षी ट्युबरक्युलिनचा नवा प्रकार आणला, तोही औषध म्हणून चालला नाही. १९०१ मध्ये लंडनला त्यांनी गुरांचा टीबी माणसाला होत नाही असं ठासून सांगितलं, ते चुकीचं निघालं. न उकळलेल्या दुधातून कितीतरी मुलांना तो होत होता. १९०५ ला टीबीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. लगेच पुढे पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर काम करताना त्यांनी आर्सेनिक असलेल्या अ‍ॅटॉक्सिलचे मोठे डोस दिले आणि काही रुग्ण कायमचे आंधळे झाले. हा भाग त्यांच्या चरित्रांत बऱ्याचदा दोन ओळींत उरकला जातो, तो तसा उरकायचा नाही. माणसावर प्रयोग करताना कॉख यांची घाई बर्लिनमध्येही दिसली आणि आफ्रिकेतही, फक्त आफ्रिकेत शवविच्छेदन करून जाब विचारणारा व्हिर्शो नव्हता.

२७ मे १९१० ला बाडेन-बाडेनमध्ये हृदयविकाराने ते गेले. अस्थी बर्लिनच्या त्यांच्याच संस्थेत ठेवल्या आहेत. तिकडे जपानमध्ये कितासातोंनी आपल्या गुरूचं चक्क देऊळ बांधलं.

रक्ताच्या थेंबातून टीबी ओळखायचं वेड मात्र त्यांच्यानंतरही शंभर वर्षं टिकलं. एलायझाचं तंत्र आल्यावर त्याला आणखी जोर चढला. प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांमध्ये टीबीच्या जंतूचं एखादं प्रथिन चिकटवून ठेवायचं, त्यावर रुग्णाचा रक्तद्रव टाकायचा, धुवायचं. प्रतिपिंडं असतील तर ती प्रथिनाला धरून बसतात. मग त्या प्रतिपिंडांना पकडणारा दुसरा प्रतिपिंड टाकायचा, ज्याला एन्झाइम जोडलेलं असतं. पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंग देणारं द्रावण घालायचं. रंग जितका गडद तितकी प्रतिपिंडं जास्त.

दिसायला एकदम पक्कं काम. अडचण अशी की प्रतिपिंडं आहेत म्हणजे आत्ता टीबी आहे असं होत नाही. माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात, त्यांची प्रथिनं मिळतीजुळती, त्यामुळे निरोग्याच्या रक्तातही प्रतिपिंडं सापडतात. ज्याच्या शरीरात जंतू झोपून आहे पण रोग नाही, त्याच्यातही सापडू शकतात. उलट एचआयव्ही असलेल्याला जोरात टीबी असूनही ती पुरेशी नसतात. शिवाय एकाचं शरीर एका प्रथिनावर प्रतिपिंड बनवतं, दुसऱ्याचं भलत्याच प्रथिनावर. म्हणजे धडधाकट माणसाला सहा महिने टीबीची औषधं आणि खऱ्या रुग्णाला काही नाही म्हणून घरी पाठवणी. या टेस्टचा मोठा बाजार भारतात होता, पैसे रुग्णाच्याच खिशातून जायचे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीचं निदान करायला या टेस्ट वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. टीबीच्या बाबतीत एखादी गोष्ट करू नका असं त्या संघटनेने इतकं उघड सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली.

कातडीवर टोचायची टेस्ट मात्र राहिली. तिची जुनी अडचण अशी की बीसीजीची लस घेतलेल्यांमध्येही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण पीपीडीमध्ये बीसीजीच्या जंतूशी जुळणारी बरीच प्रथिनं असतात. त्यावर ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिनं वापरायचा मार्ग निघाला, कारण ती टीबीच्या जंतूत आहेत आणि बीसीजीत नाहीत. या दोन प्रथिनांवर बनलेल्या साय-टीबी या टेस्टला २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली आणि ती पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.